वागळे इस्टेटमधलं मशीन शॉप आणि आमच्या इंपालाच्या कॅमचा एंड प्ले

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क का कापला ते पुढे येईलच. हा रिव्ह्यू लिहायचं कारण असं की जुन्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) इंजिनात रोलर कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा फिरता दांडा) टाकून देणारे लोक आता मिळतात, पार्टही बाहेरून मागवता येतात, पण टाकलेला कॅम पुढेमागे किती सरकतोय, म्हणजे त्याचा एंड प्ले किती, हे मोजून, कागदावर लिहून हातात देणारा माणूस मला तरी ठाण्यात हा एकच भेटला. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण मालकांनीच सांगितलं, आधीची कामंच उरकत नाहीत, ओळखीने कोणी आलं तर येऊ दे. वागळे इस्टेटमध्ये, किसननगरच्या बाजूला, शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर. जुन्या गाड्यांच्या नादातल्या लोकांना एवढ्यावरून सापडेल.

गाडी मामांची आहे, साठच्या दशकातली शेव्हरले इंपाला, २८३ क्युबिक इंचाचं व्ही-एट. लग्नसराईत भाड्याने जाते आणि बाकी वर्षभर मामा तिला पुसत बसतात. तिचा मूळ कॅम गेला होता, एका लोबचं (कॅमवरच्या उंचवट्याचं) नाक घासून जवळपास गोल झालेलं. जुन्या फ्लॅट टॅपेटच्या (टॅपेट म्हणजे लोब आणि पुशरॉडच्या मधला तुकडा) गाड्यांना हे आता सगळीकडे होतंय, कारण हल्लीच्या पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला झिंक आणि फॉस्फरस कमी केलंय, आणि सपाट टॅपेट लोबवर घासतो तिथे तेच तर संरक्षण द्यायचं. म्हणून मामांनी ठरवलं की आता एकदाच काय तो खर्च करू आणि हायड्रॉलिक रोलरचं किट टाकू, म्हणजे खाली चाक असलेले रोलर टॅपेट, नवा कॅम, आखूड पुशरॉड, सगळं. निर्णय योग्यच होता, अजूनही माझं तेच मत आहे. रोलरला तो सुरुवातीचा ब्रेक-इनचा धसका नाही, घर्षण कमी, आणि तेलाच्या झिंकवर जीव टांगून बसावं लागत नाही.

मुंबईतल्या एका गॅरेजने किट बसवून दिलं. गाडी चालू झाली, आवाज छान, मामा खूश. मग थोड्या दिवसांनी आयडलला समोरून टिकटिक यायला लागली, आणि टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) मारला की पुलीवरची खूण एका जागी थांबेचना, चार-पाच डिग्री इकडेतिकडे नाचायची. त्या गॅरेजवाल्यांचं म्हणणं, कार्बोरेटर बघा, मग म्हणे डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) बघा, मग म्हणे जुनी गाडी आहे चालायचंच. मी टायमिंग कव्हर (इंजिनाच्या तोंडावरचं, चेन-गिअरवरचं झाकण) उघडून बघितलं तर कव्हरच्या आतल्या बाजूला बरोबर मधोमध एक चकचकीत गोल रिंग पडलेली आणि कॅमच्या गिअरमध्ये जे नायलॉनचं बटन असतं त्याचं तोंड तिरकं झिजलेलं. कॅम पुढे येऊन कव्हरवर आपटत होता.

आता हे का होतं ते जरा खोलात जाऊन लिहितो, कारण ते समजल्याशिवाय या दुकानाचं काम का चांगलं ते कळणार नाही, आणि इथे बरेच जण अजूनही "कॅम काय, ब्लॉकमध्ये घुसवला की बसला" असं समजतात.

शेव्हरलेचं हे स्मॉल ब्लॉक इंजिन १९५५ साली २६५ क्युबिक इंचाचं म्हणून आलं, आपलं २८३ आलं १९५७ ला. या इंजिनात कॅम पुढे येऊ नये म्हणून कंपनीने कोणतीही प्लेट दिलेली नव्हती, कारण गरजच नव्हती. फ्लॅट टॅपेटच्या कॅमचा लोब दिसायला सरळ असला तरी तो एक-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) तिरका ग्राइंड केलेला असतो, आणि टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरतो आणि सोबत कॅमला सतत मागे ढकलत राहतो. सोळा टॅपेट मिळून कॅमला मागे दाबून धरतात, गिअरची पाठ ब्लॉकच्या तोंडावर टेकलेली राहते, काम झालं. रोलर कॅमला मात्र लोब सरळ सपाट लागतो, तिरका दिला तर चाकाची एकच कड दाबली जाईल आणि बेअरिंगची वाट लागेल. म्हणजे मागे ढकलणारा जोर गेला. आता कॅम मोकळा. डेल्को आणि ऑइल पंप ज्या तिरक्या दात्यांच्या गिअरवर चालतात त्याचा लोड कमीजास्त झाला, ॲक्सिलरेटर दिला-सोडला, की कॅम पुढेमागे हिंडणार.

कंपनीला हे माहीत होतं. १९८७ ला जेव्हा त्यांनी स्वतःच कारच्या ३५० इंजिनात रोलर टॅपेट द्यायला सुरुवात केली तेव्हा ब्लॉकच्या तोंडावर दोन बोल्टची रिटेनर प्लेट दिली आणि कॅमच्या नाकाला त्यासाठी पायरी केली. जुन्या ब्लॉकला त्या प्लेटची सोयच नाही. म्हणून जुन्या ब्लॉकमध्ये रोलर टाकायचा तर गिअरच्या मधल्या भोकात बटन बसवायचं, ते टायमिंग कव्हरच्या आतल्या बाजूला टेकणार आणि कॅमला पुढे येण्यापासून अडवणार. मागे जाण्यापासून गिअरची पाठ अडवते, पुढे येण्यापासून बटन. या दोघांमध्ये जी फट उरते तोच एंड प्ले, आणि बटनवाल्या सेटअपला तो साधारण ५ ते १० थाऊ ठेवतात, म्हणजे ०.१३ ते ०.२५ मिमी.

आपल्याकडच्या ओळखीच्या इंजिनांत हा प्रश्न येत नाही म्हणून मेकॅनिक लोकांच्या डोक्यातही तो येत नाही. ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी बीएमसी इंजिनाला समोर लोकेटिंग प्लेट आहे. विलीज जीपच्या चार सिलिंडर इंजिनाला थ्रस्ट प्लेट आणि स्पेसर आहे, ४ ते ७ थाऊचा प्ले त्या स्पेसरच्या जाडीवर ठरतो. तिथे प्लेट नीट बसवली की मोजलं नाही तरी बहुतेक वेळा निभावतं. इथे बटन आणि पत्र्याचं कव्हर यांच्यामध्ये सगळा हिशोब आपल्याला स्वतः जुळवायचा असतो.

आणि टायमिंगची खूण का नाचते तेही बघा. कॅमवरचा गिअर आणि डेल्कोचा गिअर काटकोनात अडकलेले, तिरके दाते. कॅम न फिरता नुसता पुढे सरकला तरी तो डेल्कोचा गिअर तेवढाच ओढून फिरवतो, रॅक आणि पिनियनसारखं. हिशोबापुरती डेल्कोच्या गिअरची त्रिज्या १५ मिमी धरा. कॅम अर्धा मिमी सरकला तर डेल्को जवळजवळ दोन डिग्री फिरेल आणि क्रँकवर ते दुप्पट, म्हणजे चारच्या आसपास. कार्बोरेटर कितीही साफ करा, हे जाणार नाही. प्ले ०.२ मिमीवर आणला की तोच फरक क्रँकवर दीड डिग्रीच्या आसपास येतो, आणि इंजिन एका लोडवर चालत असताना तेवढाही दिसत नाही.

तर आता दुकान.

फोनवरच त्यांनी सांगितलं की नुसता कॅम-गिअर घेऊन येऊ नका, इंजिन स्टँडवर असेल तर तसंच आणा, सोबत टायमिंग कव्हर, कव्हरचं नवीन पॅकिंग, कव्हरचे सगळे बोल्ट, ऑइल सील आणि बटन. इनटेक मॅनिफोल्ड काढून आणा, टॅपेट बसवू नका. ही यादी ऐकूनच मला बरं वाटलं. ज्याने काम केलेलं असतं तोच पॅकिंग मागतो, कारण कव्हर कुठे बसणार ते पॅकिंगच्या जाडीवर ठरतं आणि पॅकिंग दाबल्यावर किती उरतं त्यावर अख्खं माप अवलंबून आहे. मी ऐरोलीहून जातो, इंजिन टेम्पोत टाकून दिघा-विटावामार्गे जायचा विचार होता पण पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की गाडी अडकते, म्हणून मुलुंडच्या पुलावरून तीन हात नाक्याला निघालो. ते थोडं लांब पडलं तरी चालेल, उघडं इंजिन घेऊन पाण्यात उभं राहण्यापेक्षा बरं.

लेथवरचे काका साठीच्या पुढचे असतील. मालक हिशोब आणि फोन बघतात, मापाचं सगळं काकांकडे. काकांनी आधी जुनं कव्हर रिकामं ब्लॉकवर चढवलं, सगळे बोल्ट टाइट केले, मॅग्नेटिक स्टँड ब्लॉकला चिकटवला, डायलचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या गेजचा) पाय कव्हरच्या मध्यावर टेकवून काटा शून्यावर आणला. मग आतून कव्हरला अंगठ्याने दाब दिला. नुसत्या अंगठ्याने. काटा तीस घरं सरकला, म्हणजे ०.३० मिमी, आणि सोडल्यावर परत शून्यावर.

"बघितलं का," काका म्हणाले, "तुम्ही दहा थाऊचा प्ले ठेवा नाहीतर दोनचा, कव्हरच बारा थाऊ वाकतंय. पत्र्यावर कसला भरवसा ठेवता."

माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा प्रकार हाच होता, कारण एंड प्ले मोजणं बरेच जण करतील पण बटन ज्याला टेकतं ते मुळात हलतंय का हे कोणी बघत नाही. आधीच्या गॅरेजने समजा फट अगदी बरोबर ठेवली असती तरी इंजिन चालू झाल्यावर कव्हर पुढे फुगलंच असतं. म्हणून तर बाहेरच्या देशात रोलर कॅमसोबत ओतीव ॲल्युमिनियमचं जाड कव्हर घ्यायला सांगतात, काही लोक वॉटर पंपाच्या मागे बोल्ट बसवून कव्हरला बाहेरून टेकू देतात. काकांनी दोन पर्याय ठेवले. एक, ओतीव कव्हर मागवा, त्यातलं बेस्ट तेच. दोन, आहे त्या कव्हरला आतून मध्यभागी पाच मिमीची प्लेट वेल्ड करून तिचं तोंड ग्राइंड करून देतो, तुमच्या व्हॉल्व स्प्रिंग साध्या आहेत आणि गाडी रेसिंगची नाही, चालून जाईल. मालकांनी स्वतःहून सांगितलं की घाई नसेल तर ओतीव घ्या, आमचा धंदा बुडाला तरी चालेल. मामांना गाडी दिवाळीनंतरच्या मुहूर्तांना हवी होती म्हणून आम्ही प्लेट घेतली.

वेल्डिंग त्यांनी एकदम न करता थोडं थोडं टाके मारत, मध्ये थंड होऊ देत केलं, नाहीतर पत्रा तापून वाकतो आणि मग कव्हरची कडच ब्लॉकवर बसत नाही, सगळीकडून तेल. नंतर कड सरफेस प्लेटवर ठेवून फिलर गेज फिरवून बघितली, एका कोपऱ्यात थोडी उचललेली होती ती हलक्या हाताने सरळ केली. मग प्लेटचं तोंड कव्हरच्या कडेला समांतर ग्राइंड. परत तोच अंगठा, तोच डायल, काटा आता चार-पाच घरांत थांबला. मी स्वतः दाबून बघितलं, माझ्याने तर तीनच घरं सरकला.

बटनही बदललं. नायलॉनचं काढून नीडल थ्रस्ट बेअरिंग असलेलं स्टीलचं बटन घेतलं, त्याच्या मागे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) टाकून लांबी कमीजास्त करता येते. नायलॉन वाईटच असतं असं नाही, पण ते झिजतं आणि झिजेल तसा प्ले वाढतो, कोणी उघडून बघणार नसेल तर बेअरिंगवालं बरं. शिमचा पत्रा मी मुंबईच्या नागदेवी बाजारातून वेगवेगळ्या जाडीत आणला होता, काकांनी त्यातले दोन बाजूला फेकले, म्हणाले याची कड कापतानाच दुमडलीय, मायक्रोमीटरवर सरळ माप येणार नाही. गिअरचे तीन बोल्ट जुने वापरू दिले नाहीत, नवीन बोल्ट, लॉक प्लेट आणि थ्रेडला लॉकिंगचं निळं द्रव. हे महत्त्वाचं आहे बरं का, बटन त्या लॉक प्लेटनेच जागेवर राहतं, बोल्ट ढिला झाला तर चेन-गिअर सगळंच हातात येईल.

मोजायची पद्धत अशी. आधी अंदाजासाठी बटनाच्या तोंडावर मुलं खेळतात ती मऊ प्लास्टिसिन लावून कव्हर पॅकिंगसकट टाइट केलं, उघडलं, चपटं झालेलं प्लास्टिसिन ब्लेडने कापून जाडी बघितली. त्यावरून शिम ठरवली. पण त्या मापावर काका थांबले नाहीत. कव्हर परत बसवलं, सगळे बोल्ट टॉर्कला, आणि वरून टॅपेटच्या दरीतून, म्हणजे जिथे इनटेक मॅनिफोल्ड बसतं तिथून, डायलचा पाय एका लोबच्या बाजूच्या कडेला टेकवला. जाड स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून त्याने कॅम पूर्ण मागे दाबला, काटा शून्य केला, मग पुढे ओढला. १८ घरं. ०.१८ मिमी, म्हणजे सात थाऊ. मला वाटलं झालं. नाही, क्रँक पाव फेरा फिरवला, परत. मग परत. एका जागी २१ आलं.

तिथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता चालतंय की, पंचवीसच्या आत आहे. काकांनी सगळं परत उघडलं. गिअर लेथवर धरून डायल लावला तर गिअरची पाठ कॅमच्या अक्षाला बरोबर काटकोनात नव्हती, थोडी लंगडत होती, आणि एका बोल्टच्या भोकाच्या काठाला बारीकसा बर (धातूची उचललेली कड) होता जो ब्लॉकच्या तोंडावर घासत होता. बर काढला, पाठीवर अगदी हलकं फेसिंग मारलं. ब्लॉकचं तोंडही बोटाने आणि फिलरने तपासलं, तिथे गिअरने खड्डा पाडला असता तर तिथे काशाची वॉशर टाकायला लागली असती, सुदैवाने नव्हता. परत जोडून मोजलं तर चारी ठिकाणी १७ ते १८. हे आकडे त्यांनी पेन्सिलीने एका कागदावर लिहून, तारीख टाकून, सही करून दिले. तो कागद मामांनी गाडीच्या फाइलमध्ये लावलाय.

मी विचारलं की प्ले शून्याला का नाही आणत, जितका कमी तितकं बरं ना? त्यांचं उत्तर अगदी सरळ होतं. प्ले शून्य म्हणजे बटन कायम दाबाखाली, तेल मध्ये शिरायला जागाच नाही, आणि इंजिन तापलं की प्रत्येक धातू आपापल्या हिशोबाने वाढतो, कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर ते लोखंडापेक्षा जास्त. थंड असताना शून्य ठेवलेला प्ले गरम झाल्यावर काय होईल याची खात्री कोण देणार. आणि पॅकिंग हे कागदच आहे, ते थोड्या दिवसांनी अजून बसतं, मग प्ले आपोआप कमी होतो. म्हणून खालच्या टोकाला जाऊ नका, मध्ये ठेवा.

अजून एक गोष्ट त्यांनी न सांगता तपासली ती डेल्कोच्या शाफ्टचा स्वतःचा वर-खालचा प्ले. तो जास्त असला तर कॅम कितीही बांधून ठेवा, खूण नाचणारच, कारण तिथेही तेच तिरके दाते. आमचा जास्त होता, शिम टाकून कमी केला. टायमिंग चेनची ढिलाईही बघितली, ती ठीक निघाली. हे लिहितोय कारण खूण नाचली की सगळं खापर एंड प्लेवर फोडायचं हेही बरोबर नाही, चेन लांबलेली असली तरी असंच दिसतं. डेल्कोच्या गिअरबद्दल मात्र एक प्रश्न मीच काढला होता, तो त्यांनी गंभीरपणे घेतला. आमचा नवा कॅम स्टीलचा आहे, आणि स्टीलच्या कॅमवर जुना ओतीव लोखंडाचा डेल्को गिअर चालवला तर तो झपाट्याने झिजतो. त्यासाठी कॅमच्या कंपनीने सांगितलेला गिअर लावायचा असतो, आमच्या केसमध्ये ब्राँझचा. ब्राँझ मऊ, तो हळूहळू झिजणारच, म्हणून ऑइल बदलताना डेल्को काढून दाते बघत जा असं काकांनी मामांना दोनदा बजावलं.

आता तक्रारी. वेळेच्या बाबतीत हे लोक कठीण आहेत. "मंगळवारी या" म्हणजे मंगळवारी जाऊन बसा, काम तुमच्यासमोर सुरू होईल कदाचित. फोन दुपारी उचलत नाहीत, लेथ चालू असतो तेव्हा ऐकूच येत नाही असं म्हणतात, ते खरंही असेल पण आपण घोडबंदर किंवा वाशीहून निघायचं की नाही हे कळायला नको का? शुक्रवारी बंद. पार्किंग नाही, टेम्पो रस्त्यात उभा करायचा आणि मागून कंटेनर आला की हलवायचा. आणि सगळ्यात मोठी तक्रार, ज्यासाठी अर्धा मार्क कापला, ती म्हणजे साफसफाई. ग्राइंडिंग झाल्यावर कव्हर फडक्याने पुसून देतात, पण वेल्डच्या कडेला ग्राइंडिंगची बारीक धूळ राहिली होती आणि गिअरच्या दात्यांत लेथची कात (कापलेल्या धातूचे बारीक तुकडे). अशी कात बेअरिंगमध्ये गेली तर सगळं मुसळ केरात. मी घरी डिझेलमध्ये ब्रश मारून, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग हवा मारून, लगेच तेल लावून ठेवलं, कारण पावसाळ्यात ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत उघडं लोखंड रात्रीत लाल होतं. एवढं जीव लावून मोजणाऱ्या माणसांनी धुवायचा टब ठेवायला हवा, मी मालकांना तोंडावर सांगितलंय, ते हो म्हणालेत.

दुसरं, ते फिटिंग करत नाहीत. मोजणं, मशीनिंग, शिम ठरवणं इतपतच. शेवटची असेंब्ली तुमची किंवा तुमच्या मेकॅनिकची. आमचं उरलेलं काम कळव्याच्या एका ओळखीच्या मेकॅनिकने केलं आणि काकांचा कागद समोर ठेवून केलं, बोल्ट टाइट केल्यावर त्याने वरून डायल लावून परत एकदा १८ बघितला तेव्हाच मॅनिफोल्ड चढवलं. तुम्हीही असंच करा. दुकानात मोजलेलं माप तुमच्या घरी पॅकिंग बदललं की बदलतं. त्यामुळे मोजताना वापरलेल्याच कंपनीचं, त्याच जाडीचं पॅकिंग शेवटी वापरायचं, आणि पॅकिंगवर सिलिकॉनचा थर फासायची सवय असेल तर मोजतानाही तो थर धरायचा.

पैसे. वेल्डिंग, ग्राइंडिंग, गिअरचं फेसिंग, मोजणी आणि शिम कापणं मिळून ₹ ६,५०० घेतले, बटन आणि बोल्ट आमचे. कोणाला जास्त वाटेल. बाहेरून किट मागवायला मामांनी ड्युटीसकट जे मोजले त्यापुढे हे काहीच नाही, आणि या कामाशिवाय ते अख्खं किट रामभरोसे. खर्च करताना कॅम, टॅपेट, पुशरॉडला हात सैल सोडायचा आणि शेवटच्या शिम-बटनाला आखडता घ्यायचा, हे मी या शहरात बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत बघितलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. एंड प्ले दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, पण रोलरचं चाक लोबच्या मध्यावर चालणार की कडेवर, तेही त्यानेच ठरतं. कॅम फारच हिंडला तर चाकाची कड लोबच्या बाहेर लोंबकळते आणि मग हजारो रुपयांचा टॅपेट जातो.

गाडीचं सांगायचं तर टिकटिक गेली. टायमिंग लाइटखाली खूण आता आयडलला एका डिग्रीच्या आत उभी राहते, ॲक्सिलरेटर दिला की सरळ चढते, सोडला की त्याच जागी येते. मामांनी स्वतः लाइट धरून बघितलं, कितीतरी वेळ धरून उभे होते. त्यानंतर गाडी घोडबंदर रोडला चढावर नेली, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तापू दिली, गरम असताना परत खूण बघितली, जागेवरच. पहिलं ऑइल लवकर बदलून फिल्टर कापून बघितला, ब्राँझची सोनेरी झाक नावापुरती होती, स्टीलचा कण नव्हता.

कोणी जावं? ज्यांच्याकडे १९८७ च्या आधीचा शेव्हरलेचा ब्लॉक आहे आणि रोलर टाकायचाय किंवा टाकलाय, त्यांनी नक्की जावं, आणि शक्यतो किट मागवायच्या आधी एकदा नुसतं बोलायला जावं म्हणजे ओतीव कव्हर, बटन, ब्राँझ गिअर एकाच पार्सलमध्ये येईल. जीप, ॲम्बॅसडरवाल्यांचं थ्रस्ट प्लेटचं काम इथे होतं, पण तेवढ्यासाठी लांबून यायची गरज नाही, चांगला डायल असलेला कोणताही फिटर करेल. रिटेनर प्लेटवाल्या नव्या ब्लॉकला बटन लागत नाही, तिथे कोणी बटन विकायला बघत असेल तर घेऊ नका.

जाताना सकाळी अकराच्या आत पोचा, पॅकिंगचे दोन सेट न्या कारण मोजताना एक दाबून वाया जातो, कव्हरचे बोल्ट वॉशरसकट पिशवीत घालून न्या, आणि निघायच्या आधी आकड्यांचा कागद मागून घ्या, घाईत असले की कधी कधी काका तो खिशातच ठेवतात.